अनुकूलनाचा हिशेब आणि गंजाडचे स्थान : हवामानबदल-अनुकूलनाच्या खर्चाचे अंदाज व गुंतवणुकीचा प्राधान्यक्रम यांची चिकित्सा

सारांश

हवामानबदलाशी जुळवून घेण्यासाठी किती खर्च येईल आणि तो प्रथम कोठे करावा, या दोन प्रश्नांची उत्तरे गेल्या दोन दशकांत जागतिक, राष्ट्रीय व राज्य पातळीवर दिली गेली आहेत. प्रस्तुत लेखात या उत्तरांमागील पद्धतीचे परीक्षण पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातील गंजाड या गावाच्या संदर्भात केले आहे. प्राधान्यक्रम हा खर्चाच्या अंदाजातून निघतो, असे वरकरणी दिसते. प्रत्यक्षात काय मोजायचे, कोणत्या एककाने मोजायचे आणि कोणाचा रुपया किती वजनाचा धरायचा हे ठरते तेव्हाच प्राधान्यक्रमही ठरून जातो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचा अनुभव आणि महाराष्ट्राच्या परिचयाची 'अनुशेष' ही संकल्पना यांच्या आधारे पर्यायी क्रम सुचवला आहे.

बीजशब्द : अनुकूलन, खर्च-लाभ विश्लेषण, वटाव दर, अनुशेष, डहाणू, गंजाड.

१. प्रास्ताविक

हवामानबदलाच्या चर्चेत दोन संज्ञा वारंवार येतात. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करणे म्हणजे सौम्यीकरण. आणि जो बदल आता टळणारा नाही त्याच्याशी जुळते घेण्यासाठी शेती, पाणी, घरे, आरोग्यसेवा यांत फेरफार करणे म्हणजे अनुकूलन. सौम्यीकरणाचे मोजमाप तुलनेने सरळ आहे. एक टन कार्बन डायऑक्साइड मुंबईत वाचला काय किंवा डहाणूत वाचला काय, वातावरणाच्या दृष्टीने त्यात भेद नाही. अनुकूलनाला असे सर्वत्र चालणारे माप उपलब्ध नाही. समुद्राच्या लाटा अडवणारा बंधारा, पावसाच्या खंडात तग धरणारे भाताचे वाण, पाड्यावरची विहीर आणि महानगरातील पर्जन्यजलवाहिनी या चारही गोष्टी अनुकूलनाच्या आहेत. परंतु त्यांची परस्परांशी तुलना करायची तर त्यांना एका मापात बसवावे लागते. हे माप म्हणून बहुधा रुपयाच निवडला जातो.

निधी मर्यादित आहे आणि कामे अनेक आहेत. तेव्हा क्रम लावणे अपरिहार्य आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो क्रम लावण्याच्या रीतीचा. आधी प्रत्येक कामाचा खर्च व लाभ काढायचा आणि मग लाभाचे खर्चाशी गुणोत्तर पाहून वरून खाली यादी करायची, ही सर्वमान्य रीत आहे. ती तटस्थ आहे असे मानले जाते. ही तटस्थता कितपत खरी आहे, हे एका विशिष्ट गावापासून तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गंजाड हे डहाणू तालुक्यातील, पाड्यांमध्ये विखुरलेले, प्रामुख्याने वारली वस्तीचे गाव. या गावाचे नाव महाराष्ट्राबाहेर पोहोचले ते येथील कळंबीपाड्यावर राहिलेले चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांच्यामुळे. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु चित्रकलेची ही कीर्ती बाजूला ठेवली, तर गंजाड हे उत्तर कोकणातील इतर अनेक आदिवासी गावांसारखेच आहे : पावसावरचे भात, माळावरची नाचणी-वरी, जंगलातून मिळणारे सरपण व रानभाज्या, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर वा वसई-मुंबईकडे मजुरीला जाणे. 'जगायला जाणे' हा या पट्ट्यातील शब्दप्रयोग त्या स्थलांतराचे सारे अर्थशास्त्र सांगतो.

२. अंदाजांचा प्रवास : दोन टोकांच्या चुका

अनुकूलनाच्या खर्चाचे जागतिक अंदाज प्रामुख्याने २००६ नंतर पुढे आले. त्या वर्षी ब्रिटनमध्ये निकोलस स्टर्न यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आराखडा कराराच्या सचिवालयाने २०३० सालासाठी जागतिक खर्चाचा अंदाज मांडला. २००९ मध्ये मार्टिन पॅरी व सहकाऱ्यांनी या अंदाजाची चिकित्सा करून तो वास्तवापेक्षा दोन ते तीन पटींनी कमी असल्याचे दाखवले. काही क्षेत्रे मुळातच वगळली गेली होती. आणि गरीब देशांत आजच्या हवामानाला तोंड देण्यासाठीसुद्धा पुरेशा सोयी नाहीत, ही तूट हिशेबात धरली नव्हती. २०१० मध्ये जागतिक बँकेने २०१० ते २०५० या काळासाठी विकसनशील देशांचा खर्च वर्षाला ७० ते १०० अब्ज डॉलर इतका काढला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालानुसार २०३५ पर्यंत ही गरज वर्षाला ३१० ते ३६५ अब्ज डॉलर असेल. आणि २०२३ मध्ये प्रत्यक्षात मिळालेला आंतरराष्ट्रीय सार्वजनिक निधी सुमारे २६ अब्ज डॉलर होता.

आकडा पंधरा वर्षांत तिपटी-चौपटीने वाढला, याचे कारण केवळ हवामान बिघडले एवढेच नाही. काय मोजायचे याची कल्पनाही बदलत गेली. जागतिक बँकेच्या २०१० च्या अभ्यासाने एक भेद जाणीवपूर्वक केला होता. हवामान बदलले नसते तरीही जो खर्च करावा लागला असता तो विकासाचा खर्च. आणि केवळ बदलामुळे जो वाढीव खर्च करावा लागेल तो अनुकूलनाचा. तर्कदृष्ट्या हा भेद निर्दोष आहे. पण तो गंजाडला लावून पाहावा. ज्या पाड्यावर मार्चनंतर विहीर आटते, तेथे आजच्या हवामानातही पाणी पुरेसे नाही. म्हणून नवी विहीर हा 'विकास' ठरतो आणि अनुकूलनाच्या खात्यातून बाद होतो. याउलट ज्या शहरात पर्जन्यजलवाहिन्या आधीपासून आहेत, तेथे त्यांचा व्यास वाढवणे हे निखळ 'अनुकूलन' ठरते. ज्याच्याकडे काही आहे त्याचेच संरक्षण मोजले जाते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याचा खर्च शून्याच्या आसपास राहतो.

भारत सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या प्रारंभिक अनुकूलन निवेदनात नेमकी उलट दिशा दिसते. त्यानुसार २०२१-२२ मध्ये अनुकूलनाशी संबंधित खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ५.६ टक्के होता. २०१५-१६ मध्ये तो ३.७ टक्के होता. २०३० पर्यंत अनुकूलनावर एकूण ५६.६८ लाख कोटी रुपये खर्च होतील आणि हवामानबदलाच्या परिणामांमुळे आणखी १५.५ लाख कोटी लागतील, असा अंदाज त्यात आहे. एवढे मोठे प्रमाण येते ते शेती, आरोग्य, दारिद्र्यनिर्मूलन, पाणीपुरवठा यांवरील नेहमीचा खर्चही अनुकूलनात धरल्यामुळे. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत हा युक्तिवाद समर्थनीय आहे. गरिबी कमी झाली की संकट सोसण्याची शक्ती वाढते हे खरेच. परंतु देशांतर्गत प्राधान्यक्रमासाठी त्याचा उपयोग मर्यादित आहे. सारेच अनुकूलन म्हटल्यावर कोणत्या गावात नेमके काय कमी आहे हे त्या आकड्यातून कळत नाही. पहिल्या पद्धतीत गंजाड यादीबाहेर राहते, दुसऱ्या पद्धतीत ते सरासरीत विरघळते.

३. जिल्हा हे एकक

महाराष्ट्र शासनाने २००९-१० च्या सुमारास टेरी या संस्थेकडे राज्याच्या अनुकूलन कृती आराखड्याचे काम सोपवले. ब्रिटनच्या हवामान विभागाच्या सहकार्याने झालेला हा अभ्यास २०१४ मध्ये पूर्ण झाला आणि २०१७ मध्ये राज्याने त्याआधारे धोरण स्वीकारले. राज्याच्या हवामानविषयक नियोजनातील ही महत्त्वाची पायरी होती. प्रादेशिक प्रारूपांच्या आधारे पुढील दशकांतील तापमान व पर्जन्यमान यांचे अंदाज आणि जिल्हानिहाय असुरक्षितता निर्देशांक हे या अभ्यासाचे मुख्य फलित. नंदुरबार जिल्हा सर्वाधिक असुरक्षित ठरला, हा निष्कर्ष सर्वज्ञात आहे.

परंतु या अभ्यासाचे काम झाले तेव्हा पालघर जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तोवर डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. २०११ च्या जनगणनेनुसार अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक, म्हणजे देशातील सर्वांत मोठी, आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख आणि तीत हे प्रमाण दोन तृतीयांशांहून अधिक. ठाणे, कल्याण-डोंबिवली व नवी मुंबई यांच्या उत्पन्नाची, साक्षरतेची आणि दवाखान्यांची सरासरी जिल्ह्याला लागू झाली की जिल्हा सुस्थितीत दिसणारच. नंदुरबारची आदिवासी बहुसंख्या निर्देशांकात उमटली, कारण तो जिल्हाच आदिवासी आहे. डहाणू-तलासरीची उमटणे कठीण होते, कारण ती महानगराच्या शेजारी एका जिल्ह्यात बांधली गेली होती.

निर्देशांक ही केवळ अभ्यासकांची क्रीडा असती तर एवढी चर्चा करण्याची गरज नव्हती. परंतु क्रमवारीमागोमाग निधी जातो. राज्यातील हवामान-अनुकूल शेतीची सर्वांत मोठी योजना, म्हणजे जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेला सुमारे ४ हजार कोटी रुपयांचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, मराठवाडा, विदर्भ व जळगाव मिळून १५ जिल्ह्यांतील सुमारे ५ हजार गावांसाठी होता. दुसऱ्या टप्प्यात तो २१ जिल्ह्यांपर्यंत वाढला. त्यातही कोकणातील जिल्हा नाही. राष्ट्रीय अनुकूलन निधीतून राज्याला मिळालेला प्रकल्प नंदुरबार व बुलढाणा जिल्ह्यांतील ५१ गावांसाठी होता. मराठवाडा व विदर्भाच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा हक्क कोणी नाकारू शकत नाही, आणि प्रस्तुत लेखाचा तसा हेतूही नाही. मुद्दा एवढाच की कोकण म्हणजे भरपूर पाऊस, हे समीकरण निवडीच्या आधीच गृहीत धरले जाते. दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस उतारावरून समुद्राला मिळतो आणि उन्हाळ्यात त्याच गावांतील स्त्रियांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते, हा विरोधाभास वार्षिक पर्जन्यमानाच्या रकान्यात दिसत नाही.

४. ज्याला किंमत नाही त्याचे नुकसान

भात हे पीक पाण्यापेक्षाही वेळापत्रकावर अवलंबून असते. उन्हाळ्यात राब भाजायचा, जूनच्या पावसावर रोपवाटिका टाकायची, जुलैत आवणी करायची आणि ऑक्टोबरमध्ये कापणी. एकूण पाऊस तेवढाच राहिला तरी तो कमी दिवसांत कोसळू लागला, मध्ये खंड पडू लागला आणि परतीचा पाऊस कापणीवर येऊ लागला तर हे वेळापत्रक कोलमडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस दाटून येण्याची ही प्रवृत्ती भातशेतीला सर्वाधिक जाचक आहे.

अशा वर्षी गंजाडसारख्या गावात काय हानी होते? रोपे करपली तर घरचे बियाणे पुन्हा पेरावे लागते. ते विकत आणलेले नसल्याने त्याची पावती नसते. दुबार पेरणीचे श्रम घरचे असल्याने त्यांना मजुरीचा दर लागत नाही. घरी खाण्यासाठीचे भात बाजारात जात नसल्याने त्याचे उत्पन्न कोठे नोंदलेले नसते. नुकसानभरपाईच्या प्रचलित निकषांनुसार ३३ टक्के वा अधिक पीकहानी सिद्ध व्हावी लागते आणि शेताचा कागद नावावर असावा लागतो. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. ज्यांचे दावे प्रलंबित वा अमान्य आहेत त्यांच्या शेताचे नुकसान पंचनाम्यातही येणे अवघड. अशा रीतीने हानी खरी असते, पण हिशेबात ती शून्याजवळ राहते. टळलेली हानी हाच अनुकूलनाचा लाभ मानला जातो. म्हणून ज्याची हानी शून्य त्याच्या संरक्षणाचा लाभही शून्य.

या तर्काचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रत्येकी १० लाख रुपये खर्चाची दोन कामे आहेत. पहिल्यामुळे शहरातील ३० कुटुंबांचे प्रत्येकी ५० हजारांचे, म्हणजे १५ लाखांचे नुकसान टळते. दुसऱ्यामुळे एका पाड्यावरील ४० कुटुंबांचे प्रत्येकी १० हजारांचे, म्हणजे ४ लाखांचे नुकसान टळते. लाभ-खर्च गुणोत्तर पहिल्याचे १.५, दुसऱ्याचे ०.४. पहिले काम मंजूर, दुसरे नामंजूर. आता असे समजू की शहरी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाख आणि पाड्यावरील कुटुंबाचे ६० हजार आहे. तर पहिल्याचे नुकसान उत्पन्नाच्या बाराव्या हिश्शाएवढे आणि दुसऱ्याचे सहाव्या हिश्शाएवढे होते. उत्पन्नाच्या व्यस्त प्रमाणात रुपयाला भार दिला, तर पाड्यावरचा एक रुपया शहरातील दहा रुपयांबरोबर ठरतो, दुसऱ्या कामाचा लाभ ४० लाख होतो आणि गुणोत्तर ४ वर जाते. कामे तीच राहिली, खर्च तोच राहिला, माणसेही तीच. क्रम मात्र उलटला.

असा वितरणात्मक भार देणे ही भावनेची बाब नव्हे. पार्थ दासगुप्ता, स्टीफन मार्ग्लिन व अमर्त्य सेन यांनी १९७२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी लिहिलेल्या प्रकल्प-मूल्यमापनाच्या मार्गदर्शिकेत ही रीत तपशिलाने मांडलेली आहे. ती न वापरणे म्हणजे भार न देणे असे नव्हे. सर्वांच्या रुपयाला सारखाच भार देणे हाही एक निर्णयच आहे आणि त्याचे परिणाम ठरलेले आहेत.

वटाव दराचेही तसेच. पन्नास वर्षांनी होणाऱ्या १०० रुपयांच्या हानीची आजची किंमत १.४ टक्के दराने, म्हणजे स्टर्न यांच्या अहवालाशी जोडल्या जाणाऱ्या दराने, सुमारे ५० रुपये येते. ५ टक्के दराने सुमारे ९ रुपये. १० टक्के दराने एक रुपयाहूनही कमी. तिवरांची लागवड, जंगलाचे पुनरुज्जीवन, माती धरून ठेवणारी ताल-बांधबंदिस्ती यांचे लाभ उशिरा व दीर्घकाळ मिळतात. चढ्या वटाव दराने ही कामे यादीच्या तळाशी जातात आणि काँक्रीटची कामे वर येतात. डोंगरउताराच्या गावांना मुख्यतः पहिल्या प्रकारच्या कामांचीच गरज असते.

किंमत शून्य असणे हे वस्तूचे अंगभूत लक्षण नसते, हे या भूभागाला वेगळे सांगावे लागत नाही. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध लढा दिला, तोपर्यंत सावकार-जमीनदाराच्या शेतावरील त्यांच्या श्रमाची किंमत शून्यच होती. ती बाजाराने ठरवलेली नव्हती. ती सत्तेने ठरवलेली होती. लढ्यानंतर त्याच श्रमाला दर मिळाला. आज वारली चित्राला बाजारात किंमत आहे. परंतु ज्या तांदळाच्या पिठाने ते रंगवले जात आले आणि ज्या पेरणी-कापणीचे, लग्नातील चौकाचे व पालघट देवीचे ते चित्र आहे, त्या भातसंस्कृतीच्या ऱ्हासाला अनुकूलनाच्या कोणत्याही तक्त्यात रकाना नाही.

५. दुसऱ्यांच्या अनुकूलनाचा खर्च

अंदाजपत्रकांतील आणखी एक उणीव म्हणजे एका ठिकाणचे अनुकूलन दुसऱ्या ठिकाणी खर्च निर्माण करते, याची नोंद नसणे. मुळात या भागातील सिंचनासाठी उभारलेल्या सूर्या प्रकल्पातून वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांसाठी दररोज ४०.३ कोटी लिटर पाणी नेण्याची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने राबवली. वाढत्या शहरांना पिण्याचे पाणी मिळाले पाहिजे, हे निर्विवाद. हवामानबदलाच्या भाषेत त्या शहरांसाठी हे उत्तम अनुकूलन आहे. परंतु कालव्याच्या पाण्यावर दुसरे पीक घेऊ शकणारा जो शेतकरी त्यामुळे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, त्याच्या स्थलांतराची किंमत शहराच्या योजनेच्या खर्चाच्या बाजूस लिहिली जात नाही. ती लिहिली गेली असती तर योजना रद्द झाली असती असे नव्हे. तिच्या खर्चातच लाभक्षेत्रातील पर्यायी जलसाठ्यांची तरतूद करावी लागली असती.

वाढवण बंदराचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी विचारात घेण्यासारखे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरी दिली. मासेमारीवरील परिणामांविषयीचा वाद येथे बाजूला ठेवू. पद्धतीच्या दृष्टीने मुद्दा असा की बंदर उभे राहिल्यावर डहाणू तालुक्यातील मालमत्तेचे मूल्य कित्येक पटींनी वाढेल. समुद्रपातळी व चक्रीवादळे यांपासून संरक्षण करण्याजोगे तेथे पुष्कळ काही असेल. पुढील कोणत्याही अभ्यासात तालुक्याची अनुकूलनाची गरज एकदम मोठी दिसेल आणि निधीही येईल. परंतु तो किनाऱ्यावरील मालमत्तेसाठी असेल. काल ठाण्याच्या सरासरीत गंजाड हरवले, उद्या ते डहाणूच्याच सरासरीत हरवण्याचा संभव आहे.

६. डहाणूचा स्वतःचा दाखला

पर्यावरणीय निर्णयांत खर्चाचे स्थान कोणते असावे, याचा एक महत्त्वाचा दाखला याच तालुक्यात घडला आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निर्णयानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मधील निधनापर्यंत त्याचे अध्यक्ष होते. ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीजप्रकल्पाच्या धुरातील गंधक वायू काढणारे संयंत्र बसवण्याचा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. खर्चाचा, आवश्यकतेचा व विलंबाचा दीर्घ वाद झाला, बँक हमी घेण्यापर्यंत वेळ आली आणि अखेर २००७ मध्ये ते संयंत्र कार्यान्वित झाले.

हा प्रश्न अनुकूलनाचा नव्हता, प्रदूषणाचा होता. तरीही त्यातील निर्णयक्रम अनुकरणीय आहे. आधी तालुक्याची धारणक्षमता, म्हणजे ओलांडू नये अशी मर्यादा, निश्चित झाली. मग ती पाळण्यासाठी काय करावे हे ठरले. खर्चाचा प्रश्न तिसऱ्या पायरीवर आला : करायचे की नाही यासाठी नव्हे, तर कसे आणि किती मुदतीत करायचे यासाठी. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. ३१ जुलै २०२३ रोजी मात्र त्याने सशर्त अनुमती दिली. मर्यादा आखणारी संस्थाही काळानुसार बदलते, हे त्यातून दिसते आणि म्हणून मर्यादा संस्थेच्या विवेकावर न सोडता मोजता येईल अशा शब्दांत लिहून ठेवणे आवश्यक ठरते.

७. अनुशेषाची रीत

मोजता येईल अशी मर्यादा लिहिण्याची परंपरा महाराष्ट्राला अपरिचित नाही. प्रादेशिक असमतोलाच्या अभ्यासासाठी १९८३ मध्ये नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा आदी क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे हे भौतिक एककांत मोजले आणि मग ती तूट भरून काढण्याचा खर्च काढला. तो ३,१८६.७८ कोटी रुपये आला. येथे क्रम लक्षात घ्यावा. समितीने हानी टाळल्याचा लाभ मोजला नाही. किमान पातळीपासूनचे अंतर मोजले आणि त्या अंतराला किंमत लावली. गरीब जिल्ह्याची मालमत्ता कमी म्हणून त्याची गरज कमी, हा निष्कर्ष या रीतीत निघूच शकत नाही.

अनुकूलनासाठी ही रीत तीन दुरुस्त्यांसह स्वीकारता येईल. पहिली दुरुस्ती एककाची. दांडेकर समितीने जिल्हा धरला आणि म्हणून ठाण्यासारख्या जिल्ह्यातील आदिवासी तालुके सरासरीत झाकले गेले. अनुकूलनाचा अनुशेष तालुका पातळीवर आणि आदिवासी क्षेत्रात ग्रामपंचायत व पाडा पातळीवर मोजावा. पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले स्थान लक्षात घेता याला संस्थात्मक आधार आहे. दुसरी दुरुस्ती मापदंडाची. राज्याच्या सरासरीऐवजी संकटकाळची किमान पातळी धरावी : पावसाच्या खंडात रोपवाटिका जगवण्याएवढे पाणी पाड्यापासून किती अंतरावर आहे, मे महिन्यात दरडोई पिण्याचे पाणी किती, पुरात दवाखान्यापर्यंतचा रस्ता किती दिवस बंद राहतो, दुबार पेरणीसाठी गावात स्थानिक वाणांचे बियाणे आहे की नाही. या पातळीपर्यंत सर्व गावे आणण्याचा खर्च आधी राखून ठेवावा. तिसरी दुरुस्ती उरलेल्या निधीविषयी. किमान पातळीच्या वरच्या कामांसाठी खर्च-लाभ विश्लेषण अवश्य वापरावे, परंतु वितरणात्मक भारासह, आणि दुसऱ्या गावावर पडणारा खर्च योजनेच्या खर्चात धरून.

८. संभाव्य आक्षेप

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की रुपयांतील लाभ दाखवल्याशिवाय वित्त विभाग वा आंतरराष्ट्रीय निधी पैसा देत नाही. हा आक्षेप वास्तववादी आहे. परंतु अनुशेषाचा आकडाही रुपयांतच असतो आणि दांडेकर समितीच्या आकड्यावर राज्याचे अर्थकारण व राजकारण पुढे अनेक वर्षे चालले, हे विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अनुशेष काढला म्हणजे तो भरला जातोच असे नाही; किंबहुना निधी आला आणि काम टिकले नाही, हा ग्रामीण भागाचा नित्याचा अनुभव आहे. बंधारे गाळाने भरतात, पंप बंद पडतात. म्हणून अंदाजपत्रकात बांधकामाबरोबर देखभालीचा खर्च त्याच ओळीत असावा आणि तो रोजगार हमीच्या कामांशी जोडावा. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये करणाऱ्या राज्याला या जोडणीसाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

तिसरा आक्षेप असा की उत्पन्नानुसार भार ठरवणे राजकीय आहे. ते खरे आहे. मात्र भार लपलेला असण्यापेक्षा लिहिलेला असणे बरे. लिहिलेल्या आकड्यावर विधिमंडळात आणि ग्रामसभेत वाद घालता येतो.

९. समारोप

उपरोक्त विवेचनाचा इत्यर्थ असा की अनुकूलनाच्या खर्चाचा अंदाज आणि प्राधान्यक्रम या दोन स्वतंत्र पायऱ्या नाहीत. विकासाची तूट वगळली की अभावग्रस्त गाव यादीबाहेर जाते. जिल्ह्याची सरासरी घेतली की ते दिसेनासे होते. बाजारभाव हेच माप धरले की त्याचे नुकसान शून्य होते. आणि चढा वटाव दर लावला की त्याला उपयुक्त असलेली कामे तळाशी जातात. गंजाड मागे राहते ते कोणी अधिकाऱ्याने त्याला नाकारले म्हणून नव्हे. निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर येणाऱ्या यादीतच ते बहुधा नसते.

यात महाविद्यालयांनी करण्याजोगे एक काम आहे. पाडा पातळीवरची माहिती आज उपलब्ध नाही म्हणूनच जिल्हा हे एकक वापरले जाते. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि अर्थशास्त्र, भूगोल व समाजशास्त्र विभागांचे क्षेत्रीय प्रकल्प दरवर्षी अशाच गावांत होतात. मे महिन्यातील विहिरींची पातळी, दुबार पेरणी करावी लागलेली कुटुंबे, त्यासाठी लागलेले बियाणे व श्रमदिवस, दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्यांची संख्या, एवढी चार कोष्टके सलग काही वर्षे एकाच नमुन्यात भरली आणि ग्रामसभेच्या ठरावाला जोडली गेली, तर गंजाडसारख्या गावांच्या अनुशेषाचा अंदाज करण्यासाठी आज नसलेला पाया तयार होईल. राज्याच्या आराखड्यांचे पुनर्लेखन वेळोवेळी होत राहणार आहे; त्या वेळी ही कोष्टके तयार असणे हे अध्यापकांच्या आवाक्यातील आहे.